पूजा झालेल्या शाफ्टाचा आकडा

मी एक जुना ताणमापक आहे, मित्रांनो. पुण्यात तयार झालो आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये बारा वर्षं राबलो. आज त्याच वर्कशॉपच्या संडासामागं पडून आहे.

माझं काम ऐका. साखर कारखान्याचे झिजलेले शाफ्ट इथं येतात. त्यांच्यावर वेल्डिंगचे थर चढवतात. गार होताना थर आकसायला बघतो, खालचं लोखंड त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण आतच कोंडून राहते. बाहेरून शाफ्ट गुळगुळीत. मग तपासणीचं काम करणारी दानेश्वरी त्यावर नखाएवढी पट्टी चिकटवायची, माझी वायर जोडायची आणि पट्टीच्या मधोमध बारीक भोक पाडायची. भोक थराथरानं खोल जायचं, कोंडलेला ताण सुटायचा आणि मी आकडा दाखवायचो. दोनशेच्या वर गेला, की ताण उतरवायला शाफ्ट परत भट्टीत. मालक रुद्रप्पा गिऱ्हाइकांना सांगायचे, हे मशीन खोटं बोलत न्हाय. दसऱ्याला पहिला हार मला.

यंदा एका कारखान्याची उसाची मोळी टाकून हंगाम सुरू करायची तारीख तोंडावर आली. घाईत त्याच्या शाफ्टाची पूजा आधीच उरकली. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मोजायचं राहिलंच.

"पूजा झालेल्या शाफ्टाला भोक पाडतीस व्हय गं?" मालक म्हणाले. त्याऐवजी मोजायला त्यांनी तसेच थर चढवलेला पत्र्याचा हातभर तुकडा पुढं केला.

"तुकडा मोकळा वाकतोय, मालक. त्यात ताण फारसा उरत न्हाय," दानेश्वरी म्हणाली. "शाफ्टाचं तसं न्हाय की."

कुणी ऐकलं नाही. मी नव्वद दाखवले. ते खरेच होते, पण तुकड्याचे. कागदावर शाफ्टाचे म्हणून चढले.

नवव्या दिवशी शाफ्ट तडकून परत आला. सोबत कारखान्याचा इंजिनियर. मालकांनी सरळ माझ्याकडं बोट केलं. मशीन म्हातारं झालंय, आकडे चुकवतंय, आणि ही पोरगी नीट बघत नाही. दानेश्वरीला उद्यापासून येऊ नको म्हणाले. ती रडली नाही.

"जाती. पण एकदा मोजून जाती."

तिनं न तडकलेल्या टोकाला पट्टी लावली. पहिला थर, एकशे नव्वद. दुसरा, तीनशे दहा. इंजिनियर वाकून बघू लागला, तेवढ्यात मालकांनी माझी वायर उपटली. तीनशे दहा त्यानं डोळ्यांनी बघितले होते. पण पूजा लवकर उरका, हा निरोप त्याचाच होता. तो गप्प बसला. दानेश्वरी डबा उचलून निघून गेली.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझा आकडा आवडला नाही, तर पुन्हा मोजा, दहादा मोजा. पण खरं दाखवणाऱ्याची वायर उपटून वर त्यालाच खोटा म्हणू नका. उद्या तुम्हीही कुणाचे तरी मालक व्हाल, म्हणून सांगतो. त्या शाफ्टाचा तिसरा थर अजून मोजायचा राहिलाय.