तिसरा कुकारा

आधीच सांगते, मी भित्री नाय. डोळखांबच्या वरच्या रानात मी शाळेत असल्यापासून एकटी फिरते. साप बघितलेत, तरस बघितलंय, आणि ट्रेकर तर इतके बघितलेत की विचारू नका. रविवार आला की सात-आठ जण गाडीतून उतरतात, बुटांच्या नाड्या बांधण्यात अर्धा तास घालवतात आणि मग मला विचारतात, "ताई, वर रेंज येते का?" मी सांगते, वर माकडं येतात.

त्यांना वाट दाखवायची, दुपारी घरी आणून तांदळाची भाकरी नि वालाचं बिरडं खायला घालायचं, हे माझं काम. आधी ते माझ्या भावाचं होतं, मनोजचं. तीन वर्षांपूर्वी तो रानातच गेला, तेव्हापासून माझ्या गळ्यात पडलं.

मनोजला डब्यांचं वेड. जिओकॅशिंग बोलतात त्याला, तो नुसतं 'डबे' बोलायचा. चारी बाजूंनी टक-टक लागणारा प्लास्टिकचा डबा घ्यायचा, आत वही, पेन्सिल आणि चार बारीकसारीक वस्तू ठेवायच्या, आणि रानात लपवून त्याची जागा मोबाइलवर टाकायची. लोक शोधत येतात, वहीत नाव लिहितात, एक वस्तू घेतात, एक ठेवतात, डबा होता तिथे परत लावून जातात. मी त्याला बोलायची, "येड्या, शहापूरपासून मुरबाडपर्यंत एवढं रान पडलंय, आणि लोकांना तू डबे शोधायला लावतोस?" तो हसायचा. "डब्यासाठी येतात गो, पण रान बघून जातात." डबा नीट बंद नाय केला तर मात्र कुणाची गय करायचा नाय. चारी टक ऐकू आले पाहिजेत, असा त्याचा हट्ट.

त्याने सहा डबे लपवले. पाच लोकांना सापडले. सहावा घोरपडीच्या घळीत, तो कुणालाच सापडला नाय.

आता कुकाऱ्याचं सांगते, नायतर पुढचं काय कळायचं नाय. रानात आमी कुणाला नावाने हाक मारत नाय. नाव रानाला कळू द्यायचं नसतं. "कूऽऽ" असा कुकारा घालायचा, ज्याचा त्याचा वेगळा. मनोजचा शेवटाला जरा वर जायचा, काय तरी विचारल्यासारखा. ऐकणाऱ्याने पहिल्याला ओ द्यायची नाय, दुसऱ्याला द्यायची नाय. जागेवर थांबायचं आणि तिसऱ्याला द्यायची. माणूस असेल तर तीनदा बोलावतो. दुसरं जे काय असतं, ते दोनदा बोलावून गप्प होतं. त्याला ओ दिली की ते मागोमाग घरापर्यंत येतं. मला हे आईने शिकवलं, मनोजलाही तिनेच.

मनोज गेला त्या दिवशी, आश्विनात, मी घळीच्या खालच्या माळावर गवत कापत होते. मनोज सकाळीच कुठल्या तरी डब्यातली भिजलेली वही बदलायला निघाला होता. कुठल्या ते त्याने सांगितलं नाय, मी विचारलं नाय. भर दुपारी वरून कुकारा आला. थोड्या वेळाने दुसरा. दोन्हींचा शेवट वर गेलेला. मी विळा धरून उभी राहिले. आवाज मनोजचा होता, पण चिरकलेला, घशात पाणी असल्यासारखा. आभाळ भरून आलेलं, माळावर दुसरं चिटपाखरू नाय. माझी पाचावर धारण बसली आणि मी तिथून पळाले.

घरी येऊन आईला सांगितलं, दोनच झाले, तिसऱ्याची वाट बघितली, आला नाय. आई बोलली, "बरं केलंस ओ नाय दिलीस."

रात्रभर पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी मनोज घळीतून येणाऱ्या ओहोळाच्या खालच्या डोहात सापडला. धबधब्याच्या डोक्यावरून पाय घसरला, एका झटक्यात गेला, त्रास नाय झाला, असं सगळे बोलले. आईने तेच धरून ठेवलं. एका झटक्यात गेला, हे ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

पण मी तिसऱ्याची वाट बघितलीच नव्हती. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दहा आकडे मोजण्याएवढी पण थांबले नव्हते. तिसरा आला असेल तर मी पळत असताना आला असेल, आणि माझ्या कानात माझाच श्वास होता. तीन वर्षं भाकरी थापताना, वाट चालताना, निजताना माझ्या डोक्यात एवढंच. तिसरा आला की नाय. नसेल आला तर ते दुसरंच काय तरी होतं आणि मी वाचले. आला असेल तर माझा भाऊ मला बोलवत होता आणि मी पाठ फिरवून पळाले. घळीत परत पाऊल टाकायची माझी हिंमत झाली नाय.

या माघात ओमकार घरी आला. ओमकार मुरबाडचा, कंपनीत कामाला आहे, मनोजचा दोस्त. सुट्टीला ग्रुप घेऊन येतो. ओट्यावर बसून त्याने मोबाइल पुढे धरला. "ताई, हे वाच. सहाव्या डब्याखाली लोकांनी लिहिलंय."

चार ग्रुप येऊन गेलेले. चौघांनी लिहिलेलं, सापडला नाही. त्यातल्या दोघांनी आणखी एक ओळ लिहिलेली. एकाने लिहिलेलं, वरून कुणीतरी दोनदा हाक मारली, अडकलं असेल म्हणून वर गेलो, कुणीच नव्हतं. दुसरा ग्रुप वर्षभराने आलेला, पार नाशिकचा. त्यांनीही तेच लिहिलेलं. दोन हाका, कुणी नाही.

मी त्या दोन ओळी परत वाचल्या.

"आणि ही मनोजने दिलेली खूण," ओमकार बोलला. "आईचं मीठ असतं तिथे. ह्याचा अर्थ कुणाला लागत नाय."

मला लगेच लागला. "रविवारी मी येते तुमच्याबरोबर," एवढंच बोलले. आतून आईचा आवाज आला, "त्या घळीत जायचं नाय." मी ऐकलं नाय. आयुष्यभर तिचं ऐकूनच तर इथवर आले होते.

रविवारी आमी सहा जण. त्यात प्रेमा म्हणून एक मुलगी होती, खर्डीहून आलेली, अखंड बडबड. ह्या झाडाचं नाव काय, ती शेंग खातात का, वाघ आहे का. घळीच्या तोंडाशी पोचलो आणि तिची बडबड आपोआप थांबली. आत ऊन पोचत नाय. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मधून कोरडा ओहोळ, वर करवंदाच्या जाळ्या. मोबाइलमधला ठिपका एकदा ह्या कातळावर जायचा, एकदा त्या. रातकिडे किरकिरत होते. ते एकदम बंद झाले.

कुकारा आला.

वरून नाय, खालून नाय, कातळातून आल्यासारखा. शेवट वर गेलेला. प्रेमा तोंड उघडून ओ देणार, तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात दाबला. "गप. कुणी ओ द्यायची नाय." माझ्या तळव्याला तिचा गरम श्वास लागत होता. दुसरा आला. तसाच, तेवढाच.

ह्या वेळी मी मोजले. एक, दोन, तीन. शंभरापर्यंत मोजले. तिसरा आला नाय. रातकिडे परत सुरू झाले.

"कोण आहे तो?" प्रेमाने हळूच विचारलं.

"मनोज," मी बोलून गेले. आणि स्वतःचाच राग आला, रानात नाव घेतलं म्हणून.

आमच्या घरी मिठाचं मडकं चुलीच्या डाव्या बाजूच्या कोनाड्यात असतं, पार खाली, धुराने मीठ कोरडं राहावं म्हणून. दुसरीकडे कुठे ठेवलं की आई ओरडते. घळीच्या मध्यावर, पुरुषभर उंचीवर, एक कपार आहे. गुराखी पावसात तिथे विस्तव करायचे, त्यामुळे कातळ काळा पडलाय. मी त्या कपारीत चढले. पोटावर पालथी पडले. डाव्या हाताला, पार खाली, एक भोक होतं आणि त्यात दगड ठोकून बसवलेला. उभ्या माणसाला ते दिसलंच नसतं. दगड काढला. मागे डबा.

कपारीतून खाली नजर गेली. समोर तो माळ. जिथे मी गवत कापत होते ती जागा, अगदी तळहातावर ठेवल्यासारखी.

डबा आतून कोरडा होता. वही नवी. पहिल्या पानावर मनोजचं गोल अक्षर, तारीख, आणि खाली, "वही बदलली. डब्याचं झाकण चारी बाजूंनी लावावे." त्याच्या खाली त्याचंच अक्षर, पण वाकडं, ओळ सोडून उतरलेलं. मी वाचलं.

"उतरताना पडलो. पाय मोडला. हातांवर सरकत कसाबसा परत कपारीत आलो. छातीत दुखतंय. मोबाइल खाली पडला. रविना माळावर आहे, लाल ओढणी दिसते. दोन कुकारे घातले. ती उभी राहिली आहे. ऐकते आहे. दम घेऊन तिसरा घालतो. तिसऱ्याला ओ देईल."

मग थोडी जागा सोडलेली.

"तिसरा घातला. ओढणी दिसत नाय."

पुढे काय नाय. वही मिटून त्याने डब्यात ठेवली, झाकण चारी बाजूंनी लावलं, दगड बसवला. मोडक्या पायाने. आणि रात्री ओहोळाला पूर आला, कपारीपर्यंत चढला आणि त्याला घेऊन गेला. एका झटक्यात नाय गेला तो. दुपारपासून रात्रीपर्यंत तो त्या माळाकडे बघत होता.

ओमकार आणि प्रेमा मागोमाग कपारीत चढले होते. ओमकारने माझ्या हातातून वही घेतली, वाचली आणि परत माझ्याकडे दिली. मला रडायला आलं नाय. माझा इतका संताप झाला होता, की तो कुणावर काढू तेच कळेना. आईच्या नियमावर, माझ्या पायांवर. नियमाप्रमाणे वागले असते, जागेवर थांबले असते, तरी तो वाचला असता.

रातकिडे परत बंद झाले.

तेव्हा मला कळलं की इथे दोनच कुकारे का येतात. मी ऐकले तेवढेच येतात. तिसरा त्याने कधीच घालून टाकला, आणि तो घ्यायला मी तिथे नव्हते. आता जन्मभर वाट बघितली तरी तो यायचा नाय.

पहिला कुकारा आला.

"ओऽऽ," मी ओरडले. "आले रेऽ."

"ताई, काय करता," प्रेमाने माझा दंड धरला. "तुमीच बोलला होता ना, नाय द्यायची." मी तिचा हात सोडवला. कातळात माझाच आवाज दोनदा फिरला. दुसरा कुकारा आला नाय. घळ एवढी शांत झाली की प्रेमाच्या बाटलीतलं पाणी हललेलं ऐकू आलं.

वहीत नाव लिहायचा नियम असतो. मी लिहिलं, रविना, तारीख टाकली. डबा लावला, चारी टक ऐकले, दगड बसवला आणि उतरले. माळावर आल्यावर ओमकारने एकदा मागे वळून बघितलं आणि बाकीच्यांना पुढे चालायला सांगितलं. काय दिसलं ते त्याने मला सांगितलं नाय, मी विचारलं नाय.

घरी आई सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. मी पळाले ते पण, वहीतलं पण. तिचे हात थांबले नाय. खडे बाजूला काढत राहिली. मग तिने विचारलं, "ओ दिलीस?"

"दिली."

"कितव्याला?"

"पहिल्याला."

तिने सूप खाली ठेवलं. मागच्या दाराची कडी लागली आहे ना, ते बघून आली.

आज चौथा दिवस. दिवेलागणीला मी चूल पेटवत होते, आई मिठाला हात घालत होती. मागच्या परसात, आंब्याच्या बाजूला, कुकारा झाला. शेवट वर गेलेला. आईचा हात मडक्यातच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवून मोजायला लागली. एक.

"मोजू नको गो आई," मी बोलले. "दार उघड."