टाचेचा इशारा

ताईच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, त्याच वर्षी शहरातलं मोठं स्टेशन विजेच्या गाड्यांसाठी खोदून काढलं. धुराने काळवंडलेलं छप्पर उतरवलं, फलाट उंच केले आणि रुळांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा ओढल्या.

ताईचे यजमान, म्हणजे दाजी, आणि ताईचा पाठचा भाऊ, दोघे तिथे गाड्यांच्या डब्यांत पाणी भरत. दाजी टपावर बसून टाकीच्या तोंडाशी नळी धरायचे, भाऊ खाली नळापाशी. गोंगाटात बोलणं कुठलं! दाजी दोनदा टाच आपटत, म्हणजे पाणी सोड. खालून हाक आली, की ते ताडकन उभे राहत आणि हात वर करत, म्हणजे ऐकलं.

कितीतरी महिने त्या तारा मेल्यासारख्याच लटकत होत्या. दाजी जेवणाच्या डब्याची पिशवी खुशाल तारेला अडकवत. म्हणत, "सरकारने आपल्याला खुंटी दिली बघ, मेव्हण्या!"

मग तारेत वीज यायचा दिवस ठरला. टपावर चढायला बंदी झाली. पाणी आता डब्याच्या खालून भरायचं आणि किती भरलं ते काट्यावर बघायचं.

ताईने भावाला बजावलं, "तुझ्या दाजींचे पाय डोक्याचं ऐकत नाहीत. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव."

"अगं, माझ्यावर पहारा कशाला?" दाजी हसले. "पळून जायची भीती नवऱ्यामुलाची. मी तर सासरा!"

सोमवारी वीज आली. त्याच दिवशी शेवटच्या डब्यात पाण्याचा थेंब नव्हता. लोकांनी आरडाओरडा केला आणि साहेबाने दाजींना चारचौघांत झापलं. घरी दाजी जेवले नाहीत.

मंगळवारी सकाळी तोच डबा समोर उभा होता. काटा कालच्यासारखाच पूर्ण भरल्याचं दाखवत होता.

"काट्याला काय कळतंय?" दाजी पुटपुटले. "त्याला कधी तहान लागलीय?"

"राहू द्या ना, दाजी. ताईला मी काय तोंड दाखवू?"

"बरं बाबा. तू नळी सोडव."

भाऊ डब्याखाली वाकला. आटा गच्च बसला होता, सुटता सुटेना. तेवढ्यात डोक्यावर आवाज झाला. ठक, ठक.

इतक्या वर्षांची सवय. त्याचा हात आपोआप नळाकडे गेला आणि चावी फिरली. अर्धवट सुटलेल्या नळीतून गार पाणी पायांवर पडलं, तेव्हा कुठे त्याला उमगलं, की आवाज टपावरून आलाय. डब्याच्या टोकाला लोखंडी पायऱ्या तशाच होत्या. त्या काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तो धडपडत बाहेर आला. दाजी टपावर बसून झाकण उघडत होते, पाठ त्याच्याकडे. तार त्यांच्या डोक्यावर.

बेंबीच्या देठापासून तो ओरडला, "दाजी!"

दाजी ताडकन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. ताई रडत नव्हती. तिने भावाला जवळ बसवलं.

"ते वर आहेत ते तुला दिसलं होतं?"

"दिसलं."

"मग हाक नाही का मारलीस रे?"

"मारली, ताई."

तिने मान हलवली. त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्याला मात्र तो हात सोसवेना.

दाजी वारले ते त्या मंगळवारी सकाळी, धाकटीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात.