अकरा मिनिटांचा पाऊस

रेजिस माझा धाकटा भाऊ. गावात त्याला ‘अकरा मिनिटं’ म्हणतात आणि तो ते पदकासारखं मिरवतो. चौदा मोसम रग्बी खेळला, त्यात एकदाच फ्रान्सच्या संघातून मैदानात उतरला, शेवटची अकरा मिनिटं. मग गुडघे गेले आणि तो आमच्या क्लबचा प्रशिक्षक झाला. शर्ट धुणं, इस्त्री करणं माझ्याकडे आलं. का, ते कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. वीस वर्षं झाली.

गुरुवारच्या सरावात जोरिसचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. जोरिस आमचा सात नंबर, एरवी छपरांवर कौलं बसवतो. पडला, उठला, आणि सरावातल्या समोरच्या गटात जाऊन उभा राहिला. सगळे हसले. सामन्यात असं झालं असतं तर पंचानं डोक्याच्या दुखापतीचं निळं कार्ड दाखवून त्याला काही आठवडे घरी बसवलं असतं. सरावाला पंच नसतो. म्हणजे झालंच नाही काही.

शुक्रवारी मी बेकरीत गप्पा मारत उभी होते. जोरिस आला, पाव घेतला, गेला. माझं बोलणं संपेपर्यंत परत आला, पाव घेतला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या काखेत आधीचे दोन्ही पाव होते.

मी तडक रेजिसकडे गेले.

“रविवारी त्याला खेळवू नकोस.”

“अगं ताई, पाव आवडला असेल त्याला.”

“रेजिस, थट्टा नको.”

“समोर नदीपलीकडचे आहेत. सात नंबर नसला तर ते आपल्याला फाडून खातील. आणि डोक्याला लागणं काय सांगतेस मला? मला नाही लागलं?”

लागलं होतं. तीच तर गोष्ट होती. मी घरी येऊन शर्टांना इस्त्री केली. सात नंबरच्या शर्टाला दोनदा केली. राग आला की माझ्या हातून फार छान इस्त्री होते.

सामन्याआधी प्रशिक्षकानं एकेकाला नावानं हाक मारून शर्ट हातात द्यायचा, हा आमचा रिवाज. शर्ट मिळेपर्यंत कुणी खेळाडू नाही. त्या खोलीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, हाही रिवाजच. मी टोपली दाराशी ठेवते आणि मागे फिरते. त्या रविवारी फिरले नाही.

“सहा, गेटां. सात, जोरिस.” रेजिसनं टोपलीत हात घातला. हात रिकामा वर आला. “ताई!”

मी आत गेले. शर्ट माझ्या खांद्यावर होता.

“बाहेर हो! पोरं उघडी आहेत.”

“यांच्या चड्ड्या मीच धुते. नवीन काय दिसणार आहे मला?”

पोरं खिदळली. मी जोरिसकडे वळले. “शुक्रवारी पाव किती वेळा घेतलास रे?”

“एकदा, ओदिलमावशी.”

“तीनदा.”

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं.

“पुरे!” रेजिस ओरडला. “त्या अकरा मिनिटांत माझंही डोकं फुटलं होतं. बसलो का मी? पाऊस कोसळत होता, गुडघाभर चिखल—”

“पाऊस नव्हता, रेजिस.”

ही गोष्ट प्रत्येकानं पन्नासदा ऐकली होती. टीव्हीवर सामना बघणाऱ्या साऱ्या गावानं तेव्हा ऊन पाहिलं होतं. पण खेळलेल्या माणसाला कोण खोडून काढणार? हळूहळू त्यांनाही पाऊस आठवायला लागला होता.

“मी तिथेच होते, स्टेडियममध्ये, आईशेजारी,” मी म्हणाले. “पहिल्याच मिनिटाला तू पडलास. उठलास, दहा मिनिटं धावलास. परतताना बसमध्ये मला विचारलंस, ताई, आज मला घेतील का गं संघात?”

त्याचे ते चुरगळलेले, दाबून दाबून फुलकोबी झालेले कान लाल झाले. “इतकी वर्षं गप्प बसलीस. आजच तोंड फुटलं?”

“हो, गप्प बसले. तू ती गोष्ट सांगताना इतका खूश दिसायचास. त्याचा राग आधी माझ्यावरच आहे. तुझ्यावर नंतर.”

शर्ट मी त्याच्या हातात दिला. वाटणं त्याचं काम, माझं नाही. जोरिसनं हात पुढे केला होता. रेजिसनं त्या हाताकडे पाहिलं नाही.

“लुई,” त्यानं बाकावरच्या राखीव गड्याला हाक मारली. “सात.”

आम्ही दोन गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला पलीकडचे लुईच्याच बाजूनं घुसले. “धोबिणीनं सामना घालवला,” क्लबचे अध्यक्ष मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. जोरिस माझ्याशी बोललाच नाही. त्याला तो दिवस नीट आठवेल अशी आशा करते. माझ्यावर रागावण्यापुरता तरी.

सामन्यानंतर दोन्ही संघ एकाच टेबलावर जेवतात. कोबी आणि घेवड्याचं दाट सूप मीच वाढत होते, डाव आपटत. रेजिस ताट घेऊन रांगेत उभा राहिला. प्रशिक्षक रांगेत उभा राहत नाही.

“ऊन होतं?” त्यानं विचारलं.

“रणरणतं. आईनं डोक्यावर पेपर धरला होता.”

“मी चेंडू एकदा तरी हातात घेतला का गं?”

माझा राग तसाच होता. मागे लोक खोळंबले होते.

“दोनदा,” मी म्हणाले. ते खरं होतं. “बस तिथे. हे वाढून झालं की सगळं सांगते.”