पाहुणीसाठी फोडलेली मुडी

मित्रांनो, मुडी म्हणजे काय ते तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल. भाताचा पेंढा घट्ट वळून, सुंभाने आवळून त्यात बियाणं बांधून ठेवतात, तीच मी. पेंढा दरवर्षी नवा असतो. पण माझ्या पोटातलं लाल भाताचं बियाणं माझे मालक आप्पा यांच्या आज्याच्या वेळचं. म्हणून मी एक जुनी मुडी आहे, असंच धरून चाला.

माझं गाव लांज्याच्या आतल्या अंगाला. वाडीतल्या बाकीच्यांनी केव्हाच दुकानातल्या पिशवीचं बियाणं धरलं. एकट्या आप्पांनी मला सोडलं नाही. त्यांच्या बायकोने, येसूबाईने, मला चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवलं, कीड लागू दिली नाही. फार मानाने राहिले मी.

पण पावसाने ताळतंत्र सोडलं. लावणीच्या वेळी दडी मारायची आणि कापणीला, दिवाळीच्या तोंडावर, कोसळायचं. गेल्या साली कापलेल्या भाताला शेतातच कोंब आले. हाती लागलं ते जेमतेम माझ्या पोटापुरतं. तेव्हापासून घरात रेशनचा तांदूळ शिजत होता. पण माझ्याकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

वैशाखात सरपंचांचा निरोप आला. बदलत्या हवामानाचा भातशेतीला किती धोका आहे ते तपासायला रत्नागिरीहून दीपालीबाई येणार, आप्पांकडेच जेवणार. ज्या गावाला धोका जास्त, त्याला मदत आधी मिळणार.

आप्पांनी मला माळ्यावरून उतरवलं.

"पेरणीला काय माजा कपाल पेराचा?" येसूबाई कडाडली.

"मंग पावणीला रेशनचा भात वाढाचा? वाडी हसंल. अर्धाच काडतो."

मला भरडायला नेलं, तर गिरणवाला म्हणाला, "एवढ्याशाला मशीन धरत नाय. सगला घाला." आणि आप्पांनी सगळं ओतलं! अडवावं तर मला हात नाहीत. रिकामा पेंढा तेवढा त्यांनी परत आणून पडवीत टाकला.

तिथूनच मी ऐकलं. दीपालीबाई पोटभर जेवल्या होत्या.

"घरचा तांदूळ वर्षभर पुरतो?"

"पुरतो तर!" आप्पा म्हणाले.

"बियाणं?"

"घरचाच. आज्यापास्नं."

"गेल्या वर्षी नुकसान?"

येसूबाईने तोंड उघडलं, तर आप्पांनी डोळे वटारले. "जरासा. चालायचाच."

"वाडीतली तीन घरं पाहिली," बाई कौतुकाने म्हणाल्या, "तिन्हीकडे असंच बरं आहे." आणि त्यांनी मोबाईलवर टिपलं, धोका कमी.

कोकणी माणसाचा ताठा तो! पोटाला चिमटा बसला तरी ओटीवर 'बरा हाय'. मला त्या बाईंचाही राग येतो. उठून कणगीत डोकावल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

मृग लागला, पेरणीची वेळ आली. येसूबाईने माझा पेंढा अंगणात झटकला. सात दाणे पडले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने कोंबडीला बोलावलं. "ये गो, तू तरी खा."

मित्रांनो, शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायची रीत आहे. मी कशी सांगू? मला तर जिवापाड जपलं होतं. एवढंच म्हणते, कुणी विचारायला आलं तर खरं सांगायला लाजू नका. आप्पांची लाज वाडी चार दिवसांत विसरली असती. लाल भाताचं बियाणं मात्र आता कुणाकडेच नाही.