नव्या सुरीची धार

घरातल्या फळीवर कान तुटलेला एक चिनीमातीचा कप आहे. ओट्यावर चेंगरलेला टोमॅटो आहे. दारावरची घंटी बरेच दिवस कोणी वाजवलेली नाही.

"परत घ्या ही सुरी," भांड्यांच्या दुकानात निवृत्त ड्रायव्हर दुकानदारीणबाईंना म्हणाला. "बायको होती तेव्हा कारखान्यातून काय धार यायची! नवी सुरी हातात घेतली की टोमॅटोचे दोन तुकडे."

बाईंनी सुरीने कागद कापून पाहिला. सुरी मध्येच अडकली.

"काका, नव्या सुरीने कागद सरळ कापायलाच हवा. पण कारखान्यात कधीकधी धारेची कड जराशी दुमडलेली राहते. चिनीमातीच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर हलकेच घासा. काकू तेच करत असणार."

"ती कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

घरी येऊन त्याने कप उलटा केला. बुडाची कड काळ्या रेघांनी भरली होती. त्याने सुरी घासली. टोमॅटोचे अलगद दोन तुकडे झाले. एक त्याने खाल्ला. दुसऱ्याकडे तो बघत बसला.

ती असताना त्याने तो कप दोनदा कचऱ्यात टाकला होता, आणि दोन्ही वेळा तिने तो धुऊन परत फळीवर ठेवला होता.