मी छापलेली चिठ्ठी

मी एक जुना—

धाड.

थांबा मित्रांनो. पुन्हा कुणीतरी थोबाडीत मारली. पडदा उजळायला जरा वेळ लागला की लोक मारतात. पहिल्यापासून सांगतो.

मी एक जुना, पुस्तकं नोंदवून देणारा खोका आहे. वाचनालयाच्या दाराजवळ उभा असतो. पुस्तकावरच्या काळ्या रेघा माझ्या लाल डोळ्यासमोर धरायच्या, की मी ते तुमच्या कार्डावर चढवतो. माझ्या काचेला वरपासून खालपर्यंत तडा आहे. ही गोष्ट त्या तड्याची आहे.

माझा जन्मही मारहाणीतूनच झाला. तयार यंत्र घ्यायची वाचनालयाची ऐपत नव्हती. ग्रंथपालबाईंचा धाकटा दीर वायरमन. त्याने वाळवी लागलेलं कपाट करवतीने उभं चिरलं, सडका भाग तोडून फेकला, उरलेल्या फळ्यांत खिळे ठोकले. बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून स्कॅनर आणि चिठ्ठ्या छापणारा प्रिंटर आणला. त्यांची आतडी उपसून माझ्या पोटात कोंबली. मेंदू म्हणून पत्त्याएवढा एक हिरवा संगणक स्क्रूने आवळला.

"वहिनी, चार मढी जोडून एक जिवंत माणूस केलाय बघ!"

"जिवंत आहे तर बोलू दे की," बाई म्हणाल्या. "लोक घरी नेलेली पुस्तकं विसरतात. कार्डावर असतील तेवढी सगळी चिठ्ठीवर छापू दे."

चूक इथे झाली.

माझ्याआधी देवघेव शिक्केकाका करत. लोखंडी मुठीचा, तारखेचा जड शिक्का त्यांच्या हातात असे. एका घराला एकच कार्ड. पण काकांची रीत अशी, की ज्याने पुस्तक नेलं त्यालाच ते आठवण करून देत. नवऱ्यापुढे बायकोच्या पुस्तकाचं नाव नाही, सासूपुढे सुनेच्या नाही. ही रीत कुठल्याच वहीत लिहिलेली नव्हती. म्हणून ती माझ्यात आली नाही. काकांना तर कुणी विचारलंच नाही. त्यांना धूळ झटकायला पाठवलं होतं. तरी रोज सकाळी ते शिक्क्याची तारीख फिरवत, शाई लावत आणि तो टेबलावर ठेवत.

माझं फार कौतुक झालं. मी फुगलो. सगळं सांगत सुटलो.

एक ताई होती. घरी कपडे शिवायची. परिचारिका व्हायचं होतं तिला, परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. पुस्तकं शिवायच्या कापडांखाली लपवायची. एका दुपारी तिचा नवरा रहस्यकथा न्यायला आला. मी आनंदाने छापलं:

आज नेलेले: विहिरीतला हात
घरी असलेली: परिचारिका प्रवेश परीक्षा, भाग १
परिचारिका प्रवेश परीक्षा, भाग २
वाचत राहा!

त्याने ते दोनदा वाचलं. चिठ्ठीची बारीक घडी केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी ताई आली. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला. भाग दोन छातीशी धरलेला. भाग एक त्याने चुलीत घातला होता.

"काका, हे इथेच ठेवा. मी इथे बसून वाचेन."

"त्याला कुणी सांगितलं गं?"

तिने माझ्याकडे बोट केलं.

तेवढ्यात तो आलाच. तिचे केस धरून त्याने तिला जमिनीवर पाडलं. लाथ घातली. "परीक्षा देतेस? दे! दे ना!" काका मध्ये पडले, तर त्यांना भिंतीवर ढकललं. त्यांच्या कपाळातून रक्त आलं. मग त्याने वाचकांचं लोखंडी स्टूल उचललं. तिच्या डोक्यावर नेम धरला होता. ती सरकली.

धाड.

मी फुटलो. काचेच्या कपच्या तिच्या पाठीवर उडाल्या. माझी फळी उखडली, तारा लोंबू लागल्या, प्रिंटर कागद ओकत सुटला. त्याने स्टूल पुन्हा उचललं. ताईचा हात टेबलावर चाचपडला आणि त्याला शिक्का लागला. तिने तो मुठीत धरला आणि सगळा जीव एकवटून त्याच्या कपाळावर हाणला.

तो मटकन खाली बसला.

कपाळाच्या मधोमध जांभळी, स्वच्छ तारीख उमटली होती. पुस्तक परत करायची. पोलीस घेऊन गेले तेव्हाही ती पुसली नव्हती.

"शाई चांगली आहे हो काका," कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. मग ताईच हसली, आणि तिचा ओठ पुन्हा फाटला.

वायरमनने मला पुन्हा ठोकून उभं केलं. काच तीच चिकटवली. बाईंनी काकांच्या हातातलं धुळीचं फडकं काढून घेतलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगा. भावजी लिहून घेतील."

काका सांगत गेले, वायरमन माझ्यात भरत गेला. प्रत्येकाला वेगळं कार्ड. चिठ्ठी विचारल्याशिवाय नाही.

परीक्षेच्या आठ दिवस आधी ताई स्वतःचं कार्ड घेऊन आली. डोळा अजून काळा होता. भाग दोन माझ्यासमोर धरला. मी विचारलं, "चिठ्ठी हवी?" तिने तड्यावरून बोट फिरवलं आणि 'नको' दाबलं.

मी काहीच छापलं नाही.

मित्रांनो, माझ्या जन्मातलं सर्वांत चांगलं काम तेच. उद्या तुम्हीही यंत्रं बनवाल. त्यांना बोलायला शिकवण्याआधी, धूळ झटकणाऱ्या माणसाला बोलवा. त्याला विचारा, काय सांगायचं नाही. आणि मी उशीर केला तर मारू नका. मी आधी विचार—

धाड.

असू द्या.