लाल फुलीचा पाळणा

जयवंतीच्या हाती भंगार लागलं की त्याचं सोनं होतं, असं देवासच्या त्या कॉलनीतल्या सगळ्या बायका म्हणत, आणि खोटं कशाला सांगू, त्यात तथ्य होतं. तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांत दुकानातून आणलेल्या वस्तू म्हणजे फ्रिज आणि पंखे. बाकी सगळी हिची करणी. दिवाण केला होता कारखान्यातल्या पॅलेटांचा, म्हणजे ज्यांच्यावर मालाच्या थप्प्या रचतात त्या लाकडी चौकटींचा. पडदे जुन्या माहेश्वरी साड्यांचे. तेलाच्या डब्यांना सुतळी गुंडाळून, वर गादी शिवून बसायची स्टुलं केलेली, आणि स्कूटरच्या टायरवर काच ठेवून टीपॉय. कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की आधी जयवंतीला बोलावणं जाई, "अगं, जरा आमचा हॉल बघून जा गं." ही जायची, कंबरेवर हात ठेवून चारी भिंती न्याहाळायची आणि म्हणायची, "तो सोफा आधी बाहेर काढा, मग बोलू." तोंडाची फटकळ, पण हातात जादू होती.

त्यामुळे नेहाला आठवा महिना लागला तेव्हा पाळणा विकत आणायचा प्रश्नच नव्हता.

नेहा जयवंतीच्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर नववीत होती. त्यानंतर तिची वेणी, वह्या, ताप, लग्न, सगळं जयवंतीनेच केलं. स्वतःला मूल नाही, म्हणून नेहा तिची भाची कमी आणि लेकच जास्त होती. सासर धारचं. पूर्वज दरबारात मानकरी होते म्हणे. आता नेहाचा नवरा राजवीर बँकेत नोकरीला, घर भाड्याचं. दरबार गेला, पण रीत काही गेली नाही. नेहाच्या सासूबाई सगुणाबाई रीतीच्या पक्क्या. पाळणा यायचा तो माहेरचाच, आणि बाराव्या दिवसाआधी बाळाचं अंग पाळण्याला लागायचं नाही. त्या दिवशी आधी दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा पाळण्यात घालायचा, मग बाळ.

माहेर म्हणजे आता जयवंतीच. ती शोरूममधले पाळणे बघून आली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "भुशाच्या फळ्या आणि वरून चकचकीत कागद! माझं नातवंड असल्यात झोपायचं नाही."

तिचा नवरा विपुल इंडस्ट्रियल एरियात, पिकांवर फवारायची कीटकनाशकं बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरला होता. जयवंतीने त्याच्यामागे टुमणं लावलं. नेहमीची पॅलेटं नकोत, रुंद आणि जाड फळ्यांची हवीत. आठवड्याभराने विपुलने तीन पॅलेटं आणून दिली. लाकूड बघून बाईचा जीव हरखला. प्रत्येकावर बोटभर रुंद लाल रंगाची फुली होती, तेवढी तिने रंधा मारून आणि वर पॉलिशपेपर घासून काढून टाकली. कसली फुली, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

पंधरा दिवस खपून तिने पाळणा केला. बाहेरून पिस्ता रंग, कडेला साडीच्या काठाची झालर. आतून मात्र रंग लावला नाही. कोवळ्या जिवाला रंगाचा वास नको, म्हणून आतल्या फळ्या कोरड्याच ठेवून त्यांवर तिने तळहाताने खोबरेल चोळलं. नेहाला मुलगी झाली आणि बारशाच्या आदल्या दिवशी राजवीरच्या मित्राच्या गाडीतून पाळणा धारला पोचला. नेहाने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "मावशी, रडू आलं गं."

बाराव्या दिवशी सकाळी जयवंती नवी साडी नेसून गॅलरीत तुळशीला पाणी घालायला गेली. नऊच्या बसने निघायचं होतं.

गॅलरीच्या कोपऱ्यात पाळण्याच्या उरलेल्या फळ्या टाकलेलं खोकं होतं. चार दिवसांपूर्वी तिथे मांजर व्यायली होती. उन्हाळ्याचे दिवस, सकाळीच ऊन तापलेलं, आणि खोक्यातून एक उग्र, घशाला लागणारा वास येत होता. मांजर खोक्यापासून लांब, कठड्याशी बसली होती आणि आत जात नव्हती. जयवंतीने वाकून पाहिलं. दोन पिल्लं निपचित पडली होती. तिसरं जिवंत होतं, पण त्याच्या तोंडातून लाळेची तार लागली होती आणि मागचे पाय थरथर उडत होते.

"अहो!" ती ओरडली. "अहो, इकडे या आधी!"

विपुल दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आला. त्याने पिल्लांकडे पाहिलं, फळ्यांकडे पाहिलं, आणि खोक्यापाशी खाली बसला. नवऱ्याचा चेहरा असा झालेला तिने वीस वर्षांत पाहिला नव्हता.

"कुठली होती ती पॅलेटं?" तिने विचारलं.

"मागच्या कोपऱ्यातली."

"मागच्या म्हणजे?"

"ज्यांच्यावर माल सांडतो ती तिथे टाकतात, जयू. फुली मारून. जाळायची असतात. मला वाटलं, चार महिने उन्हात पडलीयत, गेला असेल अंश. तुला रुंद फळ्या हव्या होत्या ना."

जयवंतीने आपले तळहात पाहिले. आपण ती फुली बघितली होती. आपल्या हाताने घासून काढली होती. घासताना डोळे चुरचुरले तर लाकडाची धूळ म्हणून पदराने पुसले होते. तिने फोन उचलला.

"थांब," विपुलने तिचं मनगट धरलं. "काय सांगणारेस? तिथे घर भरलेलं असेल. राजवीरचा तो मित्र आमच्याच प्लांटला आहे. जाळायचा माल बाहेर काढला हे कळलं तर नोकरी जाईल, वर केस होईल. काहीतरी दुसरं सांग. बाळाला घालू नका म्हणजे झालं ना? मग आपण जाऊन पाळणा गुपचूप उचलून आणू."

आता माणूस भित्रा असला म्हणून वाईट असतो असं नाही. आणि जयवंती तरी कुठे शूर होती? जिच्या हातच्या वस्तू कॉलनीभर मिरवतात, तिने आपल्याच नातीला विषाचं अंथरूण केलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने नेहाचा नंबर लावला. पावणेनऊ झाले होते.

फोन सगुणाबाईंनी घेतला. मागे बायकांचा गलका.

"बोला विहीणबाई, निघालात की नाही?"

"निघतोच आहोत. पण एक सांगायचं होतं..." जयवंतीने विपुलकडे पाहिलं. "पाळण्यात बाळाला घालू नका. म्हणजे, त्याचा एक खिळा... मला वाटतं खिळे नीट बसले नाहीत. हलतील. मी येईपर्यंत थांबा."

"हात्तिच्या! एवढंच ना? मला वाटलं काय झालं. राजवीरला सांगते बघायला."

"नाही, त्याला नको, मी आल्यावरच..."

"विहीणबाई, अकरा चाळीसचा मुहूर्त आहे. आजच्या दिवशी असलं अभद्र मनात आणू नये. या लवकर." फोन बंद झाला.

बसचा नाद सोडून दोघं धावत खाली उतरले. खालच्या मजल्यावरचे उमाशंकर टॅक्सी चालवत. गाडी पुसत होते. जयवंतीचा अवतार बघून फडकं टाकून म्हणाले, "क्या हुआ भाभी? बैठो, बैठो, रस्त्यात सांगा."

देवास सोडलं, इंदूरचा बायपास लागला. जयवंती मागे बसून आपले तळहात हुंगत होती. वास होता की नव्हता, तिला कळेना. तिला सारखं ते तिसरं पिल्लू दिसत होतं. बारा दिवसांचा जीव तो केवढा! मुठीएवढी छाती. तिने मनात देवासच्या टेकडीवरच्या दोन्ही देवींना हात जोडले, मग कुठल्या तोंडाने मागणं मागते आहेस असं स्वतःलाच म्हणाली आणि हात सोडले.

टोलनाक्याच्या अलीकडे ट्रक आडवा झाला होता. गाड्यांची रांग लागलेली. साडेनऊ, पावणेदहा. उमाशंकर खिडकीतून मुंडी काढून ओरडत होते, "अरे भिया, साइड तो दे!" कुणी हलत नव्हतं.

"मी खरं सांगते," जयवंती अचानक म्हणाली.

विपुल पुढून मागे वळला. तिने नेहाला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. राजवीरला लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा नेहाला. सगुणाबाईंना तर स्वतःचा फोनच नव्हता. जयवंतीने मेसेज लिहायला घेतला, पण मराठी टाइप करताना बोटं चुकत होती. शेवटी तिने आवाज रेकॉर्ड केला, "नेहा, बाळाला पाळण्यात घालू नकोस, लाकडात औषध आहे, कीड मारायचं, विष आहे गं त्यात!" पाठवला. एकच बरोबरची खूण आली, दुसरी उमटेना. नेहाच्या फोनचं नेट बंद असावं. तासाभरापूर्वी कुणीतरी फोन उचलत होतं, तेव्हा आपण खिळ्याच्या गोष्टी केल्या. आता खरं बोलायला तयार आहोत तर ऐकायला कुणी नाही! तिने स्वतःच्या कपाळावर एकदा, दोनदा मारून घेतलं.

ट्रक हटायलाच सव्वा तास गेला. धारला पोचायला बारा चाळीस झाले. जिन्यातच गाण्याचा आवाज आला. बायका पाळण्याचं गाणं म्हणत होत्या. जयवंती चपला न काढता आत घुसली.

पाळणा हॉलच्या मधोमध होता, झेंडूच्या माळा लावलेला. काय देखणा दिसत होता! बाजूला नेहा हिरवी साडी नेसून, ओटी भरलेली, दमलेली आणि हसरी. सगुणाबाई दोरी ओढत होत्या.

"आलात? बघा, बघा तुमची नात! कशी गाढ झोप लागलीय. घातल्यापासून हूं की चूं नाही. आजीच्या हातचा पाळणा म्हणून..."

जयवंतीने झोका हाताने थांबवला. बाळाच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब होते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळून दुपटं भिजलं होतं. छाती हलत होती, पण उगाच हलल्यासारखी, आणि मधेच एक घरघर.

तिने बाळाला उचललं. हात लुळे लोंबले.

"झोपलेली नाही ती!" जयवंती किंचाळली. "दुपटं काढा, हिचे कपडे काढा सगळे, कोमट पाणी आणा! लाकूड विषारी आहे. कारखान्यातलं आहे, औषध सांडलेलं. मीच केलंय. राजवीर, गाडी खाली उभी आहे, चला!"

गाणं बंद पडलं. कुणाला आधी काही कळलंच नाही. मग नेहाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो जयवंती उभ्या जन्मात विसरणार नव्हती.

बाळाला पुसून, नुसत्या पंच्यात गुंडाळून ते दवाखान्यात धावले. डॉक्टर तरुण होते. बाळाच्या डोळ्यांवर बॅटरी धरून पाहिली, बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. लाकडाचं ऐकताच त्यांनी आणखी काही विचारलं नाही, बाळाला आत नेलं. विपुलने बाहेर उभं राहून कंपनीचं नाव, मालाचं नाव, सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. सांगताना तो रडत होता.

दीड तास गेला. बाकावर एका टोकाला नेहा, दुसऱ्या टोकाला जयवंती. सगुणाबाई समोर जमिनीवरच बसल्या होत्या, ओठ पुटपुटत होते. दार हललं की तिघी तिकडे बघायच्या. आतून कुणाचं तरी मूल रडायचं आणि नेहा ताठ व्हायची, पण ते तिचं नसायचं.

मग एकदा आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला. नेहा उठून उभीच राहिली. तिने आवाज ओळखला.

डॉक्टर बाहेर आले. "उतार पडतोय. इंजेक्शन लागू पडलं. दोन दिवस इथेच ठेवावं लागेल, इतक्यात निश्चिंत होऊ नका. पण वाचेल असं वाटतंय." त्यांनी कागद पुढे ओढला. "बाळ पाळण्यात किती वाजल्यापासून होतं?"

"अकरा चाळीस," नेहा म्हणाली.

"म्हणजे तासभर. थोडा उशीर झाला असता तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि जयवंतीकडे वळले. "तुम्हाला लाकडाचं कधी कळलं?"

तोंडाशी सोपं खोटं आलं होतं. रस्त्यात कळलं, म्हणता आलं असतं. कुणी तपासणार नव्हतं. जयवंतीने ते गिळलं.

"पावणेनऊच्या आधी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं आणि आत गेले. नेहा हळूच तिच्याकडे वळली.

"पावणेनऊला तर तुझा फोन आला होता, मावशी."

"हो."

"खिळे म्हणालीस."

"हो गं." जयवंतीने मान खाली घातली. "घाबरले होते मी. ह्यांची नोकरी, लोक काय म्हणतील... नंतर फोन केले, पण तू..."

"आम्ही तिला घालणारच नव्हतो," नेहा म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं. "मला पाळण्याचा वास येत होता. सकाळपासून. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, कसला तरी वास येतोय, नको घालूया, नुसता वरवंटा घालू. तेवढ्यात तुझा निरोप आला. ह्यांनी एकेक खिळा ठोकून बघितला. म्हणाले, मावशीला फक्त खिळ्यांची काळजी होती, बाकी काही असतं तर ती बोलली नसती का? म्हणून घातलं मी."

आतून नर्सने आईला बोलावलं. नेहा गेली. जयवंतीही सवयीने उठली, तिच्यामागे दोन पावलं गेली, आणि सगुणाबाईंनी जमिनीवरूनच तिच्या पदराचं टोक धरून तिला थांबवलं.

"आपण आता बसावं, विहीणबाई," त्या म्हणाल्या.